सातबाऱ्यावर नाव माझं, चिखलात पाय वहिनीचे

प्रति,
मंत्रालयात बसून शेतीची ॲप, पोर्टल आणि यंत्रांच्या याद्या ठरवणारे सर्व अधिकारी, सल्लागार आणि लोकप्रतिनिधी,
मुंबई.

सप्रेम नमस्कार.

15 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो मिळतो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. त्या हिशेबाने मी शेतकरी आहे. परळला राहतो, बँकेत कारकुनी करून निवृत्त झालो, गणपतीला आणि शिमग्याला गावी जातो. भात लावताना लोकांना पाहिलंय, स्वतः कधी धड लावलेलं नाही. तरीही माझ्याकडे क्रमांक आहे. कणकवली तालुक्यातल्या आमच्या गावी जी बाई गेली पंचवीस-तीस वर्षं ही जमीन कसते आहे, ती माझी वहिनी, थोरल्या चुलतभावाची बायको. तिच्याकडे क्रमांक नाही आणि सध्याच्या नियमांनी तो मिळणारही नाही.

कारण साधं आहे. सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी माझं नाव लागलंय, वहिनीच्या बाजूला मात्र अजून चुलत्यांचंच आहे. चुलते गेले, मग त्यांचा मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा गेला. वारस नोंद लागायला हवी तर भावकीतल्या सगळ्यांचे कागद हवेत. भावकी कुठे? एक विरारला, एक डोंबिवलीला, एक सुरतला, दोन बहिणी लग्न होऊन कुठल्या कुठे. कुणाचं आधारवरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळत नाही, कुणाचा जन्मदाखलाच नाही, आणि एकाचं म्हणणं की आधी वाटण्या करा, मग सही देतो. सामाईक खातं, म्हणजे एकाच सातबाऱ्यावर भावकीतली अनेक नावं, काय असतं ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्हाला मात्र सांगावं लागतंय, म्हणून हे पत्र.

मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा ओट्यावर बसून माझ्या मोबाइलमधला तो क्रमांक वहिनीला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "भावजी, शेती मी करतंय, मग ह्या कागदार शेतकरी तुमी कसे?" रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल असं धरून तोच प्रश्न पुढे पाठवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी तंत्रज्ञानाच्या विरुद्ध नाही. तलाठ्याच्या सज्जावर अर्धा दिवस घालवून सातबारा मिळायचा तो काळ मी पाहिलाय. आज परळच्या खोलीत बसून डिजिटल सहीचा उतारा निघतो, त्याचं मला कौतुकच आहे. 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हाही वाटलं होतं की आता पीक कुठलं ते ज्याचं त्याला नोंदवता येईल, बरं झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की ॲप आकाशातून पडत नाही. जुन्या दप्तरात जे लिहिलेलं असतं तेच ते उचलतं. दप्तरात जात, भावकी, बाईमाणसाला वगळायची रीत आणि मुंबईला गेलेल्यांची नावं हे सगळं आधीच बसलेलं आहे. पूर्वी निदान तलाठ्याला माहीत असायचं की कागदावर कोण आणि शेतात कोण, आणि कधीमधी तो डोळ्यांनी पाहिलेलं मानायचा. पोर्टलला डोळे नाहीत. तिथे लाल अक्षरात एक ओळ येते आणि संपलं.

हे दप्तर असं कसं झालं, त्यात या शहराचा मोठा वाटा आहे, म्हणून तेही बोलतो. कोकणातल्या शेतीचं आजचं रूप ठरवलं ते नांगराने कमी आणि मुंबईच्या गिरणीने जास्त. बापई माणूस मागावर गेला, बाई शेतावर राहिली, आणि महिन्याला मनीऑर्डर यायला लागली. माझे वडीलही असेच परळच्या गिरणीत लागले. जमीन त्यांच्या नावावर, राब आईचा आणि चुलतीचा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच संपल्या, तेव्हा कित्येक घरं त्या बायकांनी पिकवलेल्या भातावर आणि नाचणीवर तगली. कागदावर त्याची कसलीही नोंद नाही. त्यांना कुणी शेतकरी म्हटलं नाही, त्यांनीही स्वतःला म्हटलं नाही. ‘घरचं काम’ म्हणायच्या.

जमिनीच्या कागदावर नाव कुणाचं, हे भांडण मुंबईला नवीन नाही. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची सत्ता, मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं आणि 10 जानेवारी 1938 ला कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी याच शहराच्या रस्त्यांवर उतरले. खोती कायद्याने गेली. 1948 च्या कुळकायद्याखाली 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणारा मालक झाला. मार्च 2018 मध्ये नाशिकहून चालत आझाद मैदानात आलेले आदिवासी वनजमिनीच्या कागदावर स्वतःचं नाव मागत होते. दहावीच्या मुलांची परीक्षा बुडू नये म्हणून ते शेवटचा पल्ला रात्री चालले, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. आता त्याच कागदाला तुम्ही संगणकात टाकून कुलूप लावताय. लावा, पण आत कोण राहिलं आणि बाहेर कोण, हे आधी बघा.

आता तक्रारी. क्रमाने सांगतो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी ओळख क्रमांकाची. केंद्र सरकारच्या 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या रुंद आहे. जमीन नावावर नसलेली कुळं, वाटेकरी, शेतमजूर, आणि बायका, हे सगळे त्यात येतात. त्या धोरणाच्या मागे डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचं काम होतं. स्वामिनाथन यांनी पुढे राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयकही मांडलं. ते बारगळलं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बायका जेमतेम 14 टक्के होत्या. उलट 2022-23 च्या श्रमबल पाहणीत ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तीन शेतीत होत्या. हे दोन्ही आकडे सरकारचेच आहेत. शेतकरी क्रमांक देताना तुम्ही यातला पहिला आकडा धरलात आणि दुसरा सोडलात.

याचा परिणाम आमच्या घरात कसा दिसतो बघा. पीएम-किसानचे 6000 आणि राज्याच्या नमो सन्मान निधीचे 6000, असे वर्षाला 12,000 रुपये शेतकरी कुटुंबाला मिळतात. मी आयकर भरतो म्हणून बाद. बरोबरच आहे, मला ते नकोतच. वहिनी नाव नाही म्हणून बाद. म्हणजे भात पिकतो, विकला जातो, पण त्या जमिनीवर सरकारच्या लेखी मदत देण्याजोगा शेतकरीच नाही. अवकाळीने कापणीच्या तोंडावर भात आडवा झाला की पंचनामा होतो, मग सामाईक खातेदारांची संमतीपत्रं मागतात. त्यांचे कागद गोळा होईपर्यंत पुढची पेरणी येते.

दुसरी तक्रार ओटीपीची, आणि ही मी स्वतः अनुभवलेली. वहिनीला गवत काढायला छोटं पॉवर वीडर हवं होतं. अनुदानाचा अर्ज माझ्या क्रमांकावर करायचं ठरलं, कारण क्रमांक माझ्याकडे. ती बाजाराच्या दिवशी सेवा केंद्रात जाऊन बसली. मी त्या वेळी लोकलमध्ये, दादरच्या गर्दीत, एक हात वरच्या कडीला. फोन वाजला, काढेपर्यंत कट झाला. ओटीपी आला, मी वाचून दाखवला, तिकडून वहिनी म्हणते, "परत सांगा, आवाज तुटता." पुन्हा सांगेपर्यंत वेळ संपली. दुसरा आला तेव्हा केंद्रातली लाइट गेली. केंद्रातल्या पोराचा यात काही दोष नाही. पण विचार करा, शेत सिंधुदुर्गात, राबणारी बाई तिथेच, आणि शेताची किल्ली परळमधल्या एका म्हाताऱ्याच्या खिशात. अशी रचना कुणी मुद्दाम केली नसेल. पण झाली आहे.

त्यात 2025 पासून अनुदानाच्या अर्जांची लॉटरी बंद होऊन ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ आलं. लॉटरीबद्दल लोक कुरकुर करायचे, पण लॉटरीला तुमचं नेटवर्क चांगलं की वाईट याच्याशी देणंघेणं नव्हतं. आता ज्याच्याकडे फोन, रेंज आणि शिकलेला मुलगा तो पहिला. अंगठा लावायची सोय आहे म्हणाल, तर जूनपासून चिखलात आणि चुलीपुढे राबलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. वहिनीचे उमटत नाहीत. रेशनच्या दुकानातही तिला तीन-तीनदा बोट पुसायला लावतात.

तिसरी गोष्ट यंत्रांची. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना यंत्रावर जास्त अनुदान आहे, साधारण 50 टक्के, बाकीच्यांना 40. छान. फक्त त्या दाराला सातबाऱ्याचं कुलूप आहे. ज्या घरात बायकोचं नाव कागदावर आहे तिथे पुष्कळदा तिच्या नावाने यंत्र येतं आणि नवरा चालवतो. तेही एक वेळ ठीक, घरात तर आलं. पण यंत्र कसं असावं हे ठरवताना बाईला विचारलंय का? आमचे कुणगे उतारावरचे, एकेक एवढा लहान की दोन बैलांचं जोत वळवताना बांध तुटतो. तिथे मोठा पॉवर टिलर वळवायला ताकदीचा गडी लागतो. बाईने नांगर धरायचा नाही ही जुनी रीत. बैल होते तेव्हा जोतासाठी शेजारचा कुणी यायचा आणि बदल्यात वहिनी त्याच्या लावणीला जायची. आता बैल गेले, टिलर तासाच्या भाड्याने येतो आणि टिलरवाल्याला रोख लागते. यंत्र आलं आणि बाई आणखी एका पुरुषाच्या सवडीवर आली. याला मी सुधारणा म्हणू की नको, अजून माझं ठरत नाही.

उलट उदाहरणंही आपल्याच मातीत आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला ‘नूतन झेला’ बघा. काठीला जाळी, तोंडाशी पातं, आंबा देठासकट कापला जातो, फळावर चीक सांडत नाही. ज्याने कुणी तो आखला त्याने झाडावर चढणाऱ्याचं आणि बाजारात डागी आंबा परत घेऊन येणाऱ्याचं दुखणं ऐकलेलं असणार. कोकणातल्या बागांत तो घरचाच झालाय. दुसरं, मुंबईपासून लोकलने जाता येईल अशा नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी उभं केलेलं सगुणा राइस तंत्र. त्यात चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडून बी टोकायचं, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. लावणीत दिवसभर कमरेत वाकून, पावसात, गुडघाभर चिखलात उभं राहणाऱ्या बाईला याचा अर्थ काय ते कुठल्याही सादरीकरणात मावणार नाही. वहिनीच्या पायांच्या बोटांमधल्या चिखल्या गौरी-गणपतीपर्यंत बऱ्या होत नाहीत. मी तिथे जाऊन तिच्या चपला बदलून दिल्यात, त्याने काय होणार.

पण इथेही गंमत आहे. लावणी गेली तर लावणीची मजुरीही जाते. तणनाशक आलं की बेणणीचे पैसे जातात, आणि हे पैसे गावात बहुतेक बायकांच्याच हातात पडतात. शिवाय सावडीने लावणी करायच्या निमित्ताने चार घरं एकमेकांकडे जायची, तेही तुटतं. म्हणून तंत्र नको असं मी म्हणत नाही, वहिनीला ते हवंच आहे. पण एका घरची कंबर वाचली आणि शेजारणीची चूल अडली असं होणार असेल, तर ते आधी कुणीतरी मोजायला हवं ना? गावोगाव प्रात्यक्षिकं होतात त्यात तणनाशक किती मिली ते सांगतात, हे कुणी सांगत नाही. त्या प्रात्यक्षिकाला बोलावणं कुणाला जातं? ज्याचं नाव यादीत आहे त्याला. मला संदेश येतात. परळला. भातावरच्या करप्याची काळजी कशी घ्यायची याचे.

चौथी गोष्ट थोडक्यात, कारण ती अजून घडायची आहे. 2025 मध्ये राज्याने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, 2029 पर्यंतचं, आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले. हे यंत्र शिकणार कशावरून? तुमच्याकडे असलेल्या नोंदींवरून. नोंदींत वहिनी नाही. म्हणजे उद्या फोनवर मराठीत बोलणारा सल्लागार आला तरी तो माझ्याशीच बोलणार. तिच्या मालवणीतला ‘तरवो’, म्हणजे भाताची रोपं, त्याला कळेल का, ही पुढची गोष्ट.

मागण्या आता सरळ लिहितो.

गाव नमुना 12 मध्ये पिकाबरोबर जमीन करणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना होता, आणि मालकाशिवाय दुसरा कुणी कसत असेल तर त्याच्यासाठी नमुना 7-ब आहे. म्हणजे मालक एक आणि कसणारा दुसरा असू शकतो, हे तुमच्या महसुली पद्धतीला फार जुन्या काळापासून माहीत आहे. ई-पीक पाहणीत तो रकाना ठळकपणे द्या. हंगामाला राबणाऱ्या माणसाचं नाव, ग्रामसभेत वाचून दाखवून, नोंदवा. मला ठाऊक आहे यात अडचण काय आहे. कुळकायद्याची आठवण अजून ताजी आहे, दुसऱ्याचं नाव लागलं की जमीन गेली ही भीती आमच्या भावकीतही आहे. म्हणून कायद्यातच स्पष्ट लिहा की घरातल्या माणसाची ही नोंद मालकीचा पुरावा नाही, फक्त योजना, विमा, नुकसानभरपाई आणि प्रशिक्षण यांच्यासाठी आहे. हे एका वाक्याचं काम आहे. अशा नोंदीवर शेतकरी ओळख क्रमांक द्या.

दुसरी मागणी वारस नोंदींची. कोकणातल्या सामाईक खात्यांसाठी वारस नोंदीची शिबिरं गावात घ्या, आणि तितकीच मुंबईत घ्या. सह्या इथे अडल्यात. लालबाग, परळ, भांडुप, विरार, डोंबिवली इथे शनिवार-रविवारी तलाठी आणि मंडळ अधिकारी बसले, तर चाकरमानी रांग लावतील. गणपतीत गावी सगळे एकत्र असतात ते पाच-सात दिवसही चालतील, फक्त त्या दिवसांत कार्यालय उघडं हवं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचा लक्ष्मी मुक्तीचा निर्णय शासनाने 1992 मध्येच काढला होता. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका वाटा महाराष्ट्राने 1994 ला दिला, देशाच्या 11 वर्षं आधी. या दोन्हींची अंमलबजावणी पोर्टलवर एका बटणाने होऊ शकते, तर ते बटण कुठे आहे?

तिसरी. क्रमांक कुणाचाही असो, अर्जाचा ओटीपी शेतावर असलेल्या माणसाच्या फोनवर जाईल अशी सोय करा, आणि ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या कृषी सहायकाच्या) सहीने अर्ज घ्या. ‘प्रथम येणाऱ्यास’ ही पद्धत रेंज नसलेल्या गावांना लावू नका.

चौथी. अनुदानाच्या यादीत यंत्र घालण्याआधी ते सिंधुदुर्गात, रायगडात, पालघरात उतारावरच्या लहान शेतात बाईच्या हातून चालवून बघा. चाललं नाही तर यादीत घालू नका, किंवा बदलून आणा. आणि त्या 500 कोटींतून काय खरेदी झालं, ते किती बायकांनी वापरलं, हे दर वर्षी 1 जुलैला, कृषी दिनी, जिल्हावार जाहीर करा.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. त्यानिमित्ताने सत्कार होतील, शाली दिल्या जातील. वहिनीला शाल नको आहे, कणकवलीत मे महिन्यात शाल घेऊन करायचं काय. तिला वीडर हवंय आणि त्याचा अर्ज तिच्या नावाने हवाय.

आमच्या सामाईक खात्यातल्या सगळ्यांच्या सह्या मी गोळा करायला घेतल्यात. सुरतवाल्याने होकार दिलाय, वाटण्यांचा हट्ट धरणाऱ्याशी बोलणं चालू आहे. आमच्या बाजूचं काम मृगाच्या आधी पुरं करायचा प्रयत्न आहे. तुमच्या बाजूचं कधी होणार, ते याच वर्षी लेखी कळवावं.

आपला,
परळचा एक सामाईक खातेदार